फुकटची फेरी

"कोनाची जमीन काढली, भाऊ?"

प्रवीणने चहाचा ग्लास पुढे सरकवत विचारलं, आणि तुळशीराम बडेकर हातातली डिंकाची बाटली तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिला. आत्ताच त्याने प्रवीणच्या टपरीच्या पत्र्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता. थंडीतली मोकळी फेरी, रविवारी सकाळी, देवळापासून वरच्या माळापर्यंत, लहानथोर सगळ्यांसाठी मोफत, नाश्ता मिळेल, आणि खाली स्वतःचं नाव. यात जमीन कुठून आली ते त्याला कळेना.

"जमीन नाय रं. चालायचंय. माळावर जायाचं, उनात बसायचं, खाली यायचं."

"आनि?"

"आनि काय? घरी जायाचं."

"बरं, बरं," प्रवीण हसला. "नका सांगू. पन आपल्या गावचं काम हाय तर आमालाबी जरा वास लागू द्या."

तुळशीरामने चहा अर्धा टाकला आणि उठला. चहा पातळच होता, पण उठण्याचं कारण ते नव्हतं.

आता प्रवीणचीही काही चूक नव्हती म्हणा. कशेळ्यापासून खालापुरापर्यंत रविवारी सकाळी रस्त्याला उभं राहून बघावं. पनवेल-कल्याणकडून गारेगार गाड्या येतात. आतल्या माणसांना टोपी फुकट, पाण्याची बाटली फुकट, पोहे फुकट. मग त्यांना डोंगराच्या पायथ्याला एक फेरी मारून आणतात, हवा बघा म्हणतात, धुकं बघा म्हणतात, आणि ती माणसं परत गाडीत बसेपर्यंत कुणाच्या तरी भातशेताचे प्लॉट पडलेले असतात. या मुलखात माणसाला फुकट चालायला दुसरं कुणी नेतच नाही. तुळशीरामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याचं अर्धं आयुष्य मोहोपाड्याच्या रसायनाच्या कारखान्यात गेलं होतं आणि गावाला तो सणावारापुरता यायचा. गावाच्या मनात काय काय साचलंय, याचा त्याला पत्ताच नव्हता.

खरं सांगायचं तर फेरीबिरी हा सगळा उपद्व्याप एका माणसासाठी होता, आणि तो माणूस म्हणजे गजा.

तुळशीराम आणि गजा एका बाकावर बसून, एकाच मास्तरांचा मार खाऊन वाढलेले. पुढे तुळशीराम कारखान्यात लागला आणि गजा पावसाळ्यात भात, थंडीत वाल करत गावातच राहिला. निवृत्त होऊन बायकोला, मैनाला घेऊन तुळशीराम गावी परतला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच होतं: आता आपण दोघं हिंडायचं. कारखान्याच्या शेडमध्ये थंडी म्हणून कधी कळली नाही, सकाळचं ऊन अंगावर पडलं नाही. ते सगळं आता वसूल करायचं. पण भर पावसाळ्यात गजाची बायको गेली आणि गजा ओटीवर बसला तो बसलाच. सून जिजा ताट आणून ठेवायची, तो चार घास खायचा, भिंतीला टेकायचा. पाय सुजून खांबासारखे झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि साफ सांगितलं, हा माणूस चालला नाही तर गोळ्यांचा काही उपयोग नाही.

तुळशीराम रोज जायचा. कधी गोडीने, कधी शिव्या घालून सांगायचा.

"चल रं, बांधापतोर तरी चल."

"चालून जाऊ कुटं?" गजा म्हणायचा. "ती काय बांधावर बसलीय?"

तुळशीराम घरी यायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. शेवटी एकदा गजा वैतागून म्हणाला, "आख्खा गाव जात आसंल तर येतो बाबा. तू आनि मी दोगंच निगालो तर लोक म्हंतील, दोन येडे सुटले."

गजाने पिच्छा सोडवायला म्हटलं असेल. तुळशीरामने मात्र ते घट्ट धरलं. घरी येऊन त्याने मैनाला सांगितलं, "गाव न्यायचा." मैनाने कपाळाला हात लावला. पण पोहे किती लागतील हेही त्याच दमात विचारलं.

मग गाव गोळा करायची मोहीम सुरू झाली आणि तुळशीरामच्या डोक्याला रोज नवीन ताप. म्हाताऱ्या म्हणाल्या, माळावर देव नाही, जत्रा नाही, मग जायचं कशाला? तरुण पोरं म्हणाली, टी-शर्ट आहे का? वरच्या ठाकूरवाडीतल्या मंगळ्याला त्याने बोलावलं, तर मंगळ्याने नीट विचार करून विचारलं, "डोक्यावर काय न्यायचं?"

"काय नाय. रिकामं चालायचं."

"रिकामं?" मंगळ्याला ते पटेना. "मंग येताना काय आनायचं?"

"काय नाय रं बाबा! मोकळं जायाचं, मोकळं यायचं!"

मंगळ्या हो म्हणाला, पण हे काहीतरी आजारपणाचं आहे अशा चेहऱ्याने म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता तरी कदाचित निभावलं असतं. पण तुळशीराम कारखान्यात सेफ्टीच्या खात्यात होता, आणि तिथलं वळण अंगातून कसं जाणार? तिथे माणसाने कुठून चालायचं, कुठे वळायचं, कुठे पाय टाकायचा नाही, ते सगळं जमिनीवर रेघा मारून ठरलेलं. रेघ नसलेल्या रस्त्याने माणसं नेणं त्याच्या जिवावर यायचं. शनिवारी त्याने चुन्याच्या फक्कीची गोण आणली आणि देवळापासून गजाच्या वावराच्या बांधावरून थेट माळाच्या पायवाटेपर्यंत पांढऱ्या रेघा ओढल्या. दवाने बांध निसरडा होतो, म्हातारी माणसं येणार, धुक्यात कुणाचा पाय वालाच्या रोपांत जायला नको. वळणावर बाण काढले. दगड होता तिथे गोल काढला. काम फार सुबक झालं. कंबर धरून उभा राहिला आणि स्वतःशीच खूश झाला.

आणि गाव बघत होतं. गावाने आजवर फक्की दोनच कामांना पाहिली होती, क्रिकेटच्या सामन्यांना आणि प्लॉट पाडायला. गजाच्या बांधावर क्रिकेट कोण खेळणार?

रविवारी उजाडलं तेव्हा माळ धुक्यात बुडाला होता आणि वालाच्या फुलांचा वास देवळापर्यंत येत होता. अशी सकाळ की आजारी माणसानेही उठून बसावं. तुळशीराम कानाला मफलर बांधून, गळ्यात शिट्टी अडकवून पायरीवर उभा. मैना पातेलं झाकून पाठीमागे.

त्याने शिट्टी मारली. समोरच्या दारात एक म्हातारी मिश्री लावत उभी राहिली. शेजारच्या दारात दोघंजण येऊन उभे राहिले. हळूहळू सगळ्या दारांत माणसं आली, पण दारातून खाली कुणी उतरेना. नाटकाला यावं तशी सगळी उभी.

"अरं या की!" तुळशीराम ओरडला. "थंडी पळून जाईल!"

एकाने दार लोटून घेतलं.

वरून माळाच्या वाटेने दोन माणसं येताना दिसली तेव्हा त्याला जरा धीर आला. मंगळ्या आणि त्याची बायको आवडी. पण ती फेरीला नव्हती आली. दोघांच्या डोक्यावर लाकडांच्या मोळ्या होत्या आणि ती जाऊन, येऊन, काम उरकून खाली उतरली होती. मैनाने त्यांना पोहे दिले. मोळ्या पायरीला टेकवून दोघांनी ते निवांतपणे खाल्ले. आवडी म्हणाली, "ऊन बरं हाय आज." तुळशीरामने मान हलवली. मग मोळ्या उचलून ती दोघं कशेळ्याच्या दिशेने निघून गेली.

आणि मग गाडी आली. पांढरी, लांब, काळ्या काचांची. तिच्यापाठोपाठ दुसरी. पहिल्या गाडीतून एक काळा चष्मा घातलेला माणूस उतरला, त्याने डोंगराकडे बघून छातीभर श्वास घेतला आणि विचारलं, "बडेकर कोण? मेसेज आला होता ग्रुपवर. साइट कुठली आहे?"

प्रवीणच्या टपरीवरच्या त्या कागदाचा कुणीतरी फोटो काढला होता. तो फिरत फिरत डोंबिवलीपर्यंत गेला होता, आणि तिथल्या लोकांनीही त्याचा तोच अर्थ लावला होता.

"साइट नाही साहेब," तुळशीराम म्हणाला. "नुसती फेरी आहे. चालायचं."

"हो, हो. आधी व्ह्यू दाखवा, मग बोलू. एनए आहे ना?"

"अहो, काही विकायचं नाही इथे!"

"असं सगळेच म्हणतात," तो माणूस समजूतदारपणे म्हणाला आणि त्याने फक्कीच्या रेघेकडे बोट दाखवलं. "ही बाउंड्री का?"

तुळशीरामने दारांकडे पाहिलं. सगळं गाव ऐकत होतं. तो जितका नाही नाही म्हणत होता तितकं त्या माणसाला आणि गावालाही पक्कं होत होतं. शेवटी त्या लोकांनी डोंगराबरोबर स्वतःचे फोटो काढले, पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणून मैनाला सांगितलं आणि गाड्या वळवून निघून गेले. जाताना काचेतून त्यांनी त्याला हात केला. ओळखीच्या माणसाला करावा तसा.

अंगणवाडीची सुनिता तेवढी दारातून खाली उतरून आली. ती गावात तोंडावर बोलणारी म्हणून प्रसिद्ध.

"काका, राग मानू नका. गाव म्हंतंय तुमी दलाली धरली. आदी गजाकाकांचं वावर जानार, मंग बाकीच्यांचं."

"कोन म्हंतंय?"

"सगळेच. काल तुमी चुना मारलात ना, तवापासनं कोनाच्या घरात दुसरं बोलनं नाय."

तुळशीरामच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं बाहेर राहून, कुणाचा एक शब्द अंगावर न घेता तो परत आला होता. मैनाने पातेल्यावरचं झाकण उगाच उघडून परत लावलं.

मग त्याला गजा आठवला. गाव काहीही म्हणू दे, गजाला तर माहीत आहे. गजाला घेऊन दोघंच माळावर जाऊ, सगळं गाव दारात उभं असतानाच जाऊ. तो तरातरा गजाच्या घरी गेला. ओटी रिकामी होती.

गजा बांधावर होता. अंगावर घोंगडी, हातात काठी, सुजलेले पाय चपलेत कसेबसे कोंबलेले. तो धापा टाकत होता. घरापासून इथवर तो एकटा चालत आला होता. तुळशीरामला क्षणभर खरंच वाटलं की आला, आपला गजा आला.

"गजा! आलास रं?"

"थांब तितंच," गजा म्हणाला. "बांधाच्या आत पाय टाकू नको."

तो पायाने फक्की पुसत होता. रेघ जात नव्हती, नुसतीच पसरत होती.

"आरं, मी हाय!"

"बगतोय ना. तूच हायस." गजाने पुन्हा रेघेवर पाय घासला. "गाड्या बी आल्या म्हनं. पसंत पडलं का त्येन्ला माजं वावर?"

"तुला खूळ लागलंय का? तुज्यासाटी केलं रं हे सगळं! तू म्हनालास गाव आला तर येतो, म्हनून..."

"माज्यासाटी?" गजाने काठी आपटली. "माज्या चुलत्याला फुकट शिर्डीला नेला, तवा बी पावना हेच बोलला व्हता. तुमच्यासाटीच म्हनून. चुलता दर्शन घेऊन आला, अंगठा देऊन आला. बाहेरचा दलाल गावात येतच नाय तुळश्या. आपला मानूसच त्येला आनतो."

एका बाकावरच्या माणसाने असं म्हटल्यावर मग राहिलं काय? तुळशीरामच्या तोंडून जे निघायला नको होतं ते निघालं. "जा मंग! मर त्या ओटीवर!"

गजा काठीवर रेलून तसाच उभा राहिला, आणि तुळशीराम पाठ फिरवून निघाला.

पुढचे दिवस वाईट गेले. तुळशीराम टपरीवर गेला की बोलणं थांबायचं. संक्रांत आली, तिळगूळ मिळाला, पण देणारा हात लगेच मागे जायचा. हळदीकुंकवाला घरोघर बायका निघाल्या आणि मैनाला एकाही घरचं बोलावणं आलं नाही. ती नवी साडी घडी घालून परत पेटीत ठेवत असताना तुळशीरामने पाहिलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. स्वतःची बदनामी त्याने गिळली असती. हे मात्र गिळवेना.

"आवो, देवळात जाऊन नारळावर हात ठिवा ना," मैना म्हणाली. "एक मिन्टाचं काम हाय."

खरंच एक मिनिटाचं काम होतं. गावाच्या बहिरीदेवासमोर नारळावर हात ठेवून माणूस जे बोलला त्यावर गावात पुन्हा कुणी तोंड उघडत नसे. दोन भावांची वाटणी तिथे मिटली होती, चोरीचा आळ तिथे धुतला गेला होता. पण तुळशीराम अडून बसला होता. "खोटं बोललो नाय तर शपत कशाला घ्यू? चालायला बोलावलं ह्येची शपत घ्यायची?"

"माज्यासाटी घ्या," मैना म्हणाली.

तेव्हा तो उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, नारळ घेऊन तो देवळाकडे निघाला. वाटेत नळावर जिजा भेटली. ती हंडा उचलून जायलाच निघाली होती, पण वडीलधाऱ्या माणसाला टाळून जाणं तिला जमलं नाही.

"गजा कसा हाय गं?" त्याने विचारलं.

"बरे हायत." मग ती थांबली. "खरं सांगू? लई बरे हायत. उजाडलं का मामंजी बांधावर. म्हंत्यात, तुळश्या परत मानसं आनील, नजर ठिवाय लागंल. दुपारी जेवाय येतात, परत जातात. पायाची सूज उतरलीय. काल दुसरी भाकर मागून घेतली." एवढं बोलून ती ओशाळली. "तुमाला राग यायचा काका."

"नाय गं," तुळशीराम म्हणाला.

देवळाच्या पायरीवरून खालचं सगळं दिसायचं. धुकं विरळ होत होतं आणि वालाच्या हिरव्या वावराभोवती गजा चालत होता. एका टोकाला जायचा, डोळ्यावर आडवा हात धरून रस्त्याकडे बघायचा, परत फिरायचा. बांधावर शेळी चढली तिला त्याने अशी काही शिवी हासडली की ती देवळापर्यंत ऐकू आली. पावसाळ्यापासून त्या माणसाचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता.

तुळशीराम नारळ हातात धरून बघत राहिला. आत पुजारी वाट बघत होता. हात ठेवायचा, एक वाक्य बोलायचं. दुपारपर्यंत गावभर होईल, लोक येऊन माफी मागतील, प्रवीण चहा पाजेल. आणि गजाला कळेल की जमिनीला काही धोका नाही. मग तो सुस्कारा टाकेल, काठी कोपऱ्यात ठेवेल आणि ओटीवर जाऊन बसेल.

संताप संताप झाला त्याचा. काय हा माणूस! प्रेमाने बोलावलं तर हलला नाही, आणि वैरी समजला तर घोड्यासारखा चालतोय. तुळशीराम पायरीवरच बसला, बऱ्याच वेळाने उठला आणि आत न जाता घरी आला.

मैना दारातच होती. "झालं?"

"नाय." त्याने तिला गजाचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. पुढचं तिने बोलायचं होतं.

"मंजे माजं हळदीकुंकू गेलं म्हना," ती शेवटी म्हणाली.

"तू म्हनशील तर जातो. आत्ता जातो."

मैना त्याच्यावर रागावलेलीच होती, आणि ते तिने लपवलंही नाही. तिने त्याच्या हातातून नारळ ओढून घेतला. "ऱ्हाऊ दे. चटनीला हुईल," म्हणाली आणि आत गेली. आतून नारळ आपटल्याचा आवाज आला, जरा जास्तच जोरात.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तुळशीराम गजाच्या बांधाला लागूनच्या गाडीवाटेने निघाला. मुद्दाम इकडेतिकडे बघत, जमिनीचा अंदाज घेतल्यासारखा. बांधाच्या पलीकडून लगेच आरोळी आली.

"आलास का रं दलाला? एकटाच? गिऱ्हाईक कुटं हाय?"

तुळशीराम चालत राहिला आणि गजा बांधाच्या आतून त्याच्या बरोबरीने चालू लागला, शिव्या देत, काठी उगारत. वावर संपलं तरी तुळशीराम थांबला नाही. माळाच्या वाटेवरून तो थोडा वर गेला. गजा रोज जिथून परत फिरायचा त्याच्या बराच पुढे. मागे काठीचा आवाज येत होता. गजाचा श्वास जड झाला असं वाटल्यावर तो चपलेतला खडा काढायचं निमित्त करून वाकला आणि पाठमोराच थांबून राहिला. मागून दम खाल्ल्याचा आवाज आला. मग पुन्हा शिवी आली, चांगली भरघोस. तेव्हा तुळशीराम सरळ झाला आणि पुढे चालू लागला.